मनकर्णा परमिट रूम

तात्यासाहेबांच्या पितराची पंगत उठली नाही तोच शिवमनं विषय काढला. थोडं थांबायला हवं होतं पोरानं, असं योगिनीला वाटलं. मनातून ती लेकाच्याच बाजूची होती. पण सासऱ्याच्या नावाचं पान अजून गच्चीच्या कठड्यावर होतं, नणंद दीपमाला सकाळीच फुलंब्रीहून आलेली, घरभर कढीचा आणि वड्यांचा वास भरलेला. अशा वेळी लायसनचं नाव काढणं म्हणजे भांडणाला आवतण देणंच होतं.

"आज्जी, सोमवारी अर्ज द्यायचाय," शिवम म्हणाला. "तुझी सही लागणार. लायसन तुझ्याच नावावर आहे ना. चितेगावला जागा बघून ठेवलीय मी, पैठण रोडला, कंपन्यांच्या एकदम तोंडावर. इथली बिल्डिंग गेली, पण लायसन तर जिवंत आहे. ते फक्त तिकडं हलवायचं."

मनकर्णाबाई भिंतीला पाठ टेकून सुपारी कातरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आज बापाचं पितर," दीपमाला म्हणाली, "अन् तुला दारूचं लायसन आठवलं?"

"आत्या, आज नाही, सोमवारी म्हणतोय मी."

"सोमवारी बी पितरंच हायेत."

"मग काय करू? एक्साइजच्या साहेबांना सांगू का, अमावस्या झाल्यावर या म्हणून?"

बाहेर मोरीवर योगिनीचा नवरा गोकुळ हात धूत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. पाणी चालूच होतं.

आषाढात जालना रोड रुंद करायला घेतला तेव्हा चिकलठाण्यातली रस्त्याकडेची सगळी ओळ गेली. टायरवाला गेला, रसवंती गेली, मेडिकल गेलं आणि त्यांच्याबरोबर 'मनकर्णा परमिट रूम'ही गेलं. सकाळी पोकलेन आलं आणि जेवणवेळेपर्यंत तिथून पलीकडच्या वस्तीतली वाळत घातलेली धुणी दिसायला लागली. त्याआधी ती कधीच कुणाला रस्त्यावरून दिसली नव्हती.

ती जागा तात्यासाहेबांच्या ज्वारीच्या रानाची शेवटची पट्टी होती. बाकीचं रान कारखान्यांच्या वसाहतीत गेलं. रानात राबणारे हात रिकामे झाले, आणि समोर तीन पाळ्यांत माणसं कारखान्यांत जायला-यायला लागली. सुटलेली पाळी कुठं थांबते हे तात्यासाहेबांनी वर्षभर बघितलं आणि पट्टीवर परमिट रूम बांधलं. तेव्हा ते सोसायटीचे चेअरमन होते. स्वतःच्या नावानं दारूचा परवाना काढणं चारचौघांत बरं दिसेना. मग कागद बायकोच्या नावानं केले, आणि कागदावरचंच नाव लाल दिव्यांत रस्त्यावर लावलं. मनकर्णाबाईंना तेव्हा लिहायला येत होती ती फक्त सही. 'इथं कर' म्हणाले, तिथं केली. कशावर केली ते बोर्ड लागल्यावर कळलं. उद्घाटनाला नारळ फोडायला रिक्षा पाठवली होती. रिक्षा दारातून रिकामी परत गेली. त्या दिवसापासून त्यांनी त्या दारात पाऊल ठेवलं नाही. जालना रोडनं एसटीतून जाताना तो बोर्ड आला की त्या पदर पुढं ओढून दुसऱ्या बाजूला बघायच्या.

"लायसन सरकारला परत देऊन टाका," दीपमाला म्हणाली. "देवानं का सरकारनं, ज्यानं पाडलं त्यानं बरं केलं. आता तरी सुटा."

"तुम्हाला सोपंय म्हणायला," योगिनीला राहवलं नाही. "तुम्ही सणाला येता, सणाला जाता. त्याच गल्ल्यावर तुमचं कॉलेज झालं, लग्न झालं."

"लग्न!" दीपमाला हसली, पण ते हसण्यासारखं नव्हतं. "माझं पहिलं लग्न कशानं मोडलं ते सांगू का, वहिनी? का ठाऊक हाये?"

ठाऊक सगळ्यांनाच होतं. वैजापूरचे पाहुणे साखरपुडा उरकून परत जाताना जालना रोडनं गेले होते. मनकर्णा हे नाव काही गल्लोगल्ली नसतं. नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं बोर्ड वाचला, आत जाऊन मालक कोण ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी साडी परत आली. पुढं फुलंब्रीच्या सर्जेरावांनी सगळं माहीत असून तिला पत्करलं. माणूस चांगला निघाला. पण 'पत्करलं' हा शब्द काही तिच्या मनातून गेला नाही. तिची मुलगी अपेक्षा आता कॉलेजला होती. तिलाही तिनं आजोबांचं 'हॉटेल' होतं, एवढंच सांगितलं होतं.

"ते जुनं झालं आत्या," शिवम समजुतीच्या सुरात म्हणाला. "आता कोण बघतंय? मी फॅमिली रेस्टॉरंट करतोय. एसी. बायकापोरं येऊन जेवतील. मी कंपनीतला जॉब सोडलाय यासाठी, टाइमपास करत नाहीये." मग तो मोरीकडं वळला. "पप्पा, तुम्ही बोला ना काहीतरी. तुमच्याशिवाय काउंटर कोण बघणार? गिऱ्हाईक तुम्हाला ओळखतं. मला नाही."

गोकुळनं नळ बंद केला.

आयटीआय झाल्यावर त्याला टूल रूममध्ये नोकरी लागली होती. रुजू व्हायच्या आधीच्या आठवड्यात तात्यासाहेबांना पहिला झटका आला. 'मी उठेपर्यंत बस बाबा गल्ल्यावर,' ते म्हणाले. ते उठले, हिंडाफिरायला लागले, आणखी कितीतरी वर्षं जगले. गोकुळ मात्र बसलेलाच राहिला. तो दुपारी जायचा आणि घरी यायचा तेव्हा घर झोपलेलं असायचं. शिवमचं पहिलं पाऊल, पहिला दात, सगळं त्याला योगिनीनं सकाळी सांगितलेलं होतं. आता तो मुलगा म्हणत होता की बसा.

"बघू," एवढंच तो म्हणाला.

"बघू काय? सोमवार परवावर आलाय!"

"आत कसं होतं रं?"

मनकर्णाबाईंनी विचारलं तेव्हा कुणाला आधी कळलंच नाही.

"कुठं, माय?" गोकुळनं विचारलं.

"तिथं. माह्या नावाच्या हाटेलात." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुम्ही समदे भांडून राहिले. मी तर पाहिलंच नाय. मला घेऊन चला."

"आता काय आहे तिथं? नुसती खडी," योगिनी म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "पाय मुरगळंल, आत्याबाई."

"मुरगळू दे."

शिवमच्या गाडीतून चौघं निघाले. योगिनी भांड्यांचं निमित्त करून मागं राहिली. रस्त्यावर पोचल्यावर शिवम म्हणाला, "मी गाडीतच थांबतो, चालान मारतील." खरं म्हणजे त्याला उतरायचं नव्हतं. जागा पडली त्या दिवसापासून तो तिथं आलाच नव्हता. सगळे समजत होते की त्याला जुन्याचं काही वाटत नाही.

मनकर्णाबाईंनी लेकीचा हात धरला. रस्त्याला लागून नाल्याची चारी खणली होती. तिच्यावर टाकलेल्या फळीवरून गोकुळनं दोघींना पलीकडं नेलं. पलीकडं विटांचे तुकडे, वाकड्या सळया, पावसानं उगवलेलं गवत. अर्धी जागा रस्त्यात गेली होती. मागची अर्धी शिल्लक होती. तिच्यावर तीन-चार शेळ्या चरत होत्या आणि एक म्हातारा काठीवर हनुवटी ठेवून उभा होता.

"दार कुठं होतं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"ते तिकडं, आता रस्त्यावर. तो ट्रक चाललाय ना, तिथं." गोकुळ चार पावलं चालला आणि थांबला. "इथं काउंटर. तात्या बसायचे ती खुर्ची इथं, मागं बालाजीचा फोटो. पुढं मीच बसलो. इथून तिथवर टेबलं. दुसऱ्या पाळीची माणसं खिडकीकडं, पहिल्या पाळीची आतल्या बाजूला. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना, तसंच बसायचे. फिटर लोक एकीकडं, लोडिंगवाले एकीकडं. मोठा कारखाना बंद पडला ना, त्या वर्षी समदे एकाच टेबलापाशी गोळा व्हायचे. पीत कुणी नव्हतं. चहा मागवायचे अन् बसून राहायचे. घरी जायला तोंड नव्हतं त्यांना. तात्यांनी कुणाला उठ म्हणलं नाय."

तो बोलत होता. दीपमाला त्याच्याकडं बघत राहिली. आपला हा भाऊ एका वेळी इतकं बोललेला तिला आठवत नव्हता.

"अन् भटारखाना?"

"हा इथं. सांडू आचारी असायचा. मटणाला लांबून लांबून यायचे लोक. काही तर नुसते जेवायलाच."

"मागचं दार इकडं होतं," दीपमाला एकदम म्हणाली. "लिंबाच्या झाडाखाली."

गोकुळ वळला. "तुला काय ठाऊक?"

"मी यायचे की तात्यांचा डबा घेऊन. चौथी-पाचवीत असंल. दुपारी कोणी नसायचं. तात्या मला काउंटरवर बसवायचे. लिंबू सोडा फोडून द्यायचे, खारे शेंगदाणे द्यायचे मूठभर. फरशी धुतलेली असायची. गार गार." ती थांबली. "मला वाटायचं, आपल्या बापाइतकं भारी कुणाचंच हाटेल नाय. शाळेत सांगायचे मी पोरींना. मग एका बाईंनी वर्गात उभं केलं अन् विचारलं, तुझे वडील काय विकतात? तवापासून डबा नेला नाय मी. तात्यांनी विचारलं बी नाय का म्हणून."

मनकर्णाबाईंना डबा आठवला. लेक अचानक जायला नाही म्हणायला लागली तेव्हा त्यांना आतून बरं वाटलं होतं, तेही आठवलं. ती आपल्यासारखीच शहाणी झाली असं त्यांना वाटलं होतं. आणि त्यांना तात्यासाहेबांचं शेवटचं वर्ष आठवलं. घरात कुणी नसताना ते एकदोनदा म्हणाले होते, "एकदा येऊन बस गं. दुपारचं कोण नसतं. सांडूच्या हातचं खाऊन बघ. अख्खं चिकलठाणं खाऊन गेलं, तू तेवढी राहिली." त्यांनी उत्तर दिलं होतं, "पुढल्या जन्मी." ते नुसते हसले होते. त्या हसण्यात राग असता तर आज इतकं लागलं नसतं.

काठीवाला म्हातारा जवळ आला होता. "राम राम, गोकुळशेठ."

"राम राम, मुंजाबा. माय, हे मुंजाबा. लई जुने."

"वैनी व्हय ह्या? तात्यांच्या?" मुंजाबानं डोक्यावरचा फेटा सावरला. "अडीअडचणीला नाव घेतलं तुमचं, पण दर्शन आज झालं."

"माह्या नावाची अडचणीत काय गरज पडली तुम्हाला?"

"आता काय सांगू," मुंजाबा म्हणाला. "आमची मेंढरं होती, फुलंब्रीकडं. दुष्काळात इकली अन् कारखान्यात लागलो. माणसांत कधी बसलो नव्हतो मी. मेंढरांमागं जन्म गेलेला. इथं पहिल्यांदा बसायला शिकलो. चार माणसं आपलं नाव घेऊन हाका मारतात, त्याचं लई वाटायचं. इथं आलो की मी मुंजाबा असायचो. आत मशीनवर नुसता नंबर."

"मग चांगलंच झालं की," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी सैल झालं होतं.

मुंजाबानं मान हलवली. व्हय नाही, नाय नाही, अशी. शेळीला हुसकावलं आणि मग बोलला.

"चांगलं बी झालं. माह्या टेबलावरचे पाच जण व्हतो आम्ही. मी एकला राहिलो. बाकीचे कारखान्यानं नाय मेले वैनी. तुम्ही इचारलं म्हणून सांगतो."

"मुंजाबा," गोकुळ हळूच म्हणाला.

"बोलू दे त्याला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्यांच्या घरच्या बाया काय म्हणायच्या?"

"जाऊ द्या वैनी."

"माह्या नावाचा बोर्ड होता. मला शिव्या देत असतील."

मुंजाबा खाली बघत राहिला. "माही बायको, आक्काबाई, म्हणायची, मनकर्णीनं माहा नवरा खाल्ला. लेकरं बी म्हणायची, बाप मनकर्णीकडं गेला. वस्तीत समद्याच म्हणायच्या. त्यांना काय ठाऊक, तुम्ही कोण अन् कुठल्या. त्यांना वाटायचं, असंल कोणी बया, गल्ल्यावर बसलेली, सोन्यानं मढलेली. एकदा आक्काबाई बघायला आली व्हती तुम्हाला. दारात उभी राहून तात्यांना म्हणली, बोलवा तुमच्या मनकर्णीला भायेर. तात्या उठून आत गेले. लई वेळ भायेर आलेच नाय." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी सोडली नंतर. ती जायच्या आधी दोन वर्षं. दोनच."

रस्त्यावर गाड्यांची रांग पुढं सरकत होती. दीपमालाला वाटलं, आईला इथून न्यायला हवं. पण आई एका जागी उभी होती, जणू तिला कुणीतरी आत्ताच नावानं हाक मारली होती आणि ती हाक कुठून आली ते ती शोधत होती.

"अन् आता शेळ्या इथं कशाला आणता?" मनकर्णाबाईंनी अखेर विचारलं.

"गवत हाये. अन् पाय बी वळतात." मुंजाबानं गोकुळकडं बघितलं. "ह्यांचे बी वळतात की. रोज दिवस मावळताना येतात. त्या दगडावर बसतात. आम्ही दोघं काय बोलत नाय. बसतो अन् जातो."

गोकुळ दुसरीकडं बघायला लागला. घरी त्यानं सांगितलं होतं की भरपाईच्या कामासाठी वकिलाकडं जातो. इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून तो रोज निघायचा, आणि परत यायचा तेव्हा घर झोपलेलं असायचं. जागा पडून दोन महिने झाले होते, तरी त्याची परतायची वेळ बदलली नव्हती.

ते परत घराकडं निघाले. शिवम आरशातून आजीकडं बघत होता. त्याला वाटलं, जागा बघून आजी विरघळली. घरात शिरताच त्यानं फाईल उघडून तिच्यापुढं ठेवली.

"इथं आज्जी. फुलीवर. सोमवारी जाताना घाई नको."

मनकर्णाबाईंनी कागदावर हात ठेवला. सगळे उभे होते. योगिनी स्वयंपाकघराच्या दारात, पदराला हात पुसत.

"तुझ्या आजोबानं मला इचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "सही कर म्हणले, केली. मग मी रुसून बसले. रुसून काय झालं? आत गेले असते तर एखादीला तरी म्हणले असते, बाई, तुझ्या माणसाला घेऊन जा घरी. नाय तर तुझ्या आजोबालाच म्हणले असते काहीतरी. काय केलं मी? पदर ओढला अन् दुसरीकडं पाहिलं." त्यांनी कागद सरकवून दिला. "तू इचारतोय, ते बरं केलं. मी नाय म्हणते."

"आज्जी!"

"परत करा ते लायसन."

"अन् याचं काय?" योगिनी पुढं आली. "नोकरी सोडून बसलाय तो! तुमच्या पुण्यासाठी माझ्या पोरानं काय करायचं?"

"पुण्य नाय गं. पुण्याचं वय गेलं माहं."

"पप्पा!" शिवमचा आवाज चिरकला. "तुम्ही सांगा तिला. तुमची पण जिंदगी गेली ना त्या जागेत? मग तिला काही अर्थ नाही का?"

गोकुळनं तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की अर्थ होता, लई होता, आणि म्हणूनच तू जाऊ नकोस. सांगायचं होतं की तुझा पहिला दात मला तुझ्या आईनं सांगितला. पण इतक्या वर्षांत लोकांचं ऐकून घ्यायचीच सवय झालेली. त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "माय म्हणते तसं होऊ दे."

 शिवमनं फाईल उचलली, आतून बॅग भरून आणली. चितेगावच्या जागेवर जुना मालक त्याला ढाबा चालवायला देत होता, लायसनशिवाय. तो तिथंच राहील, म्हणाला. योगिनी त्याच्यामागं फाटकापर्यंत गेली. गाडी सुरू झाली, आणि ती तिथंच उभी राहिली.

दीपमाला निघताना भावाजवळ थांबली. "दादा, मला वाटायचं तुला ते आवडायचं. म्हणून इतकी वर्षं मी तुझ्याशी नीट बोलले नाय."

"आवडायचं बी," गोकुळ म्हणाला. "तेच तर."

दिवेलागण झाली. योगिनी आतल्या खोलीत शिवमला फोन लावत होती. तो उचलत नव्हता. गोकुळनं सवयीनं आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट अंगात घातला, चपला पायात सरकवल्या आणि फाटकाशी येऊन थांबला. कंपन्यांच्या बसेस रस्त्यानं चालल्या होत्या. तो कडीवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं चपला काढल्या.

स्वयंपाकघरात मनकर्णाबाई गॅसपुढं पाटावर बसून भाकरी थापत होत्या. कितीतरी महिन्यांनी त्या परातीशी बसल्या होत्या. तो दारात आलेला बघून त्यांनी एक ताट पुढं ओढलं.

"बस."

तो बसला. त्यांनी दुपारची कढी वाढली, मिरचीचा ठेचा ठेवला. भाकरी फुगली, ती त्याच्या ताटात टाकली. मग पीठ घ्यायला गेलेला त्यांचा हात डब्यावर थांबला.

"गोकुळ, रात्रीच्या जेवणाला किती भाकरी लागतात रं तुला?"

त्यानं आठवून बघितलं.

"मला नाय सांगता येणार, माय. तिथं उभ्या उभ्याच खायचो. कोणी हाक मारली की ताट ठेवून जायचो."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आज बसून खा. पुरं झालं की सांग."

त्यांनी दोन मुठी पीठ परातीत घेतलं, थोडा विचार केला आणि आणखी एक मूठ घेतली.